मावळतीची धून

लष्कर शहरातल्या खासगी बाजार या पेठेत आमच्या शेजारी राहणारे सूर्याजी जगदाळे संस्थानच्या फौजेत बिगुल वाजवायचे. संस्थान मध्यभारत राज्यात विलीन झालं, फौज मोडली आणि सूर्याजींसारखे कित्येक मराठे शिपाई गिरणीत मागावर उभे राहिले. बिगुल फौजेने परत मागितला नाही की यांनी दिला नाही, ते मी कधी विचारलं नाही.

गिरणीत युनियन दोन. एक कम्युनिस्टांची, तिचे पुढारी मधुसूदन. दुसरी समाजवाद्यांची, तिचे जयसिंहराव. दोघेही मार्क्सचं नाव घेणारे आणि एकमेकांचं तोंड न पाहणारे. मधुसूदन म्हणत, शिस्तीचा पक्ष पुढे नसेल तर कामगार आंधळा लढतो. जयसिंहराव म्हणत, तोच पक्ष उद्या कामगाराच्या मानगुटीवर बसेल. गिरणी कामगारांच्या पंचायतीनेच चालवावी.

"दोघांचंही खरं वाटतं रे, म्हणून तर डोकं दुखतं," सूर्याजी मला म्हणायचे.

चोपन्न साली मालकांनी सूर्याजींचं विणाई खातं बंद करायचं ठरवलं. ते थांबवणं कुठल्याही एका युनियनच्या हातातलं नव्हतं. मग कामावरून सुटले की सूर्याजी आधी एकाच्या घरी, तिथून दुसऱ्याच्या. त्यांची बायको सुलोचनाबाई कावायच्या, "रुसलेले व्याही आहेत का ते? तुम्हीच कशाला मनधरणी करायची?" अखेर दोघे एका सभेला कबूल झाले. गोरखी वाड्याजवळच्या मैदानात हात वर करून ठराव करायचा, दोन्ही युनियन एक करायच्या आणि खात्यासाठी संप पुकारायचा.

माणसं जमवायला सूर्याजींनीच बिगुल वाजवला. मैदान भरलं. मग भाषणं सुरू झाली. मधुसूदन रशियाच्या बाजूने बोलले, जयसिंहराव रशियाच्या विरुद्ध. मग पुन्हा मधुसूदन. विणाई खात्याचं नाव कोणी घेईना. मी तिथेच होतो. दोघांनाही हाताला धरून खाली ओढावं असं वाटत होतं मला.

दिवस मावळला आणि सूर्याजींनी बिगुल तोंडाला लावला. फौजेत रोज मावळतीला निशाण उतरवताना वाजवायची ती धून त्यांनी वाजवली. जुने शिपाई ताडकन सावधान उभे राहिले. ती धून संपली की फौजेत परेड सुटायची. इथेही सुटली. माणसं कपडे झटकून घराकडे निघाली, त्यांच्यामागे बाकीचेही. ठरावाला हात वर करायला पुढारीच तेवढे उरले.

मधुसूदनना वाटलं, हा जयसिंहरावांचा डाव. जयसिंहरावांना वाटलं, मधुसूदनचा. संप झालाच नाही. खातं बंद पडलं आणि सूर्याजी एका कापडदुकानाच्या दारात राखणीला बसू लागले. त्या मैदानावरून जायचं त्यांनी सोडूनच दिलं. मला फार वाईट वाटायचं त्यांचं.

छप्पन साली मध्यभारत राज्यही मोडलं. राजधानी भोपाळला गेली, आमच्या लष्कर शहरातल्या सरकारी कचेऱ्या रिकाम्या होऊ लागल्या. त्या थंडीत मधुसूदन आणि जयसिंहराव चक्क एकत्र सूर्याजींकडे आले. आता दोघांच्याही सभांना माणूस मिळत नव्हता. मी तिथेच चहा पीत होतो.

"झालं ते झालं, सूर्याजीराव," जयसिंहराव म्हणाले. "सवयीने हात गेला, त्यात तुमचा काय दोष? आम्ही एक व्हायला तयार आहोत. बिगुल वाजवा, लोक येतील."

"मीही बरेच दिवस सवयच समजत होतो," सूर्याजी म्हणाले. "पण गिरणीत सगळेच फौजी कुठे होते हो? कानपूरकडचे बुनकर होते, गावातले होते. त्यांना काय मालूम ती धून? तेही उठून गेलेच ना? थकले होते बिचारे. कोणी तरी छुट्टी द्यावी, याचीच वाट बघत होते."



"आणि तुम्ही?" मधुसूदननी विचारलं.

"मी पण," सूर्याजी म्हणाले.