काकांच्या घरचा चहा

नवीन पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं बिघडलेलं जनुक आम्हाला दुरुस्त करता येत नाही. पण एक संरक्षक प्रथिन आहे. ते डोळ्यात सोडून पडद्याच्या उरलेल्या पेशी जगतात का, याची रुग्णांवर चाचणी चालू आहे."

माझं लोखंडी ग्रिलचं दुकान. मी ताडकन म्हणालो, "म्हणजे लोखंडाला लावतो तो रेड ऑक्साइडचा रंग! गंजलेलं परत येत नाही, पण गंज पुढे सरकत नाही."

"हळू सरकेल, अशी आशा," त्या हसल्या. "हमी नाही."

हमी नसलेला माल मी आयुष्यात उचलला नाही. त्या दिवशी मात्र मला खुर्चीत बसवेना. मुलगी एकोणीस वर्षांची. संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्या पायाने चाचपते. चाचणीत तिचं नाव घालायचं तर दोष कोणता ते पक्कं व्हायला हवं, आणि त्यासाठी घराण्यातल्या दुसऱ्या रुग्णाचं रक्त हवं.

माझे वडील याच आजाराने आंधळे होऊन गेले. उरले कोन गावचे थोरले काका. तेही हल्ली दिवेलागणीनंतर ओट्यावरून हलत नाहीत, हे कानावर आलं तेव्हा मी खूश झालो होतो. वडील अंधारात धडपडायचे तेव्हा याच माणसाने गावभर सांगितलं होतं, तो पिऊन पडतो. वडिलांनी दारूला कधी हात लावला नव्हता. काकांच्या घरचं पाणीही पिणार नाही, अशी शपथ मी घेतली आणि बावीस वर्षं पाळली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुलीला घेऊन कोनला गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप पुढे सरकवला.

"रगत देतो. आदी चाय पी."

मी भडकलो. "आधी शेजारपाजारच्यांना बोलवा. बाबा पीत नव्हते म्हणून सांगा. मग चहा."

"इथं पन भाव करतोस काय रं?"

"पप्पा," मुलगी म्हणाली, "तुमचं भांडण मिटेपर्यंत माझे डोळे थांबणार आहेत का?"

मी कप उचलला आणि वाफाळता चहा एका दमात प्यायलो. जीभ पोळली.

काकांनी चाचपत मुलीचं मनगट धरलं आणि पलीकडच्या ओट्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुजा आजा पीत नवता, पोरी. मीच खोटा बोललू."

काही आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. दोघांच्या रक्तात दोष तोच. मुलीला चाचणीत घेतलं होतं. मी दुकानातच असा ओरडलो की कारागिराने वेल्डिंग थांबवलं.

लगेच कोनला फोन लावला. "काका, आम्ही निघालो. चहा ठेवा. आणि साखर कमी, मागच्या वेळी पाकच पाजलात."