दगडापुढच्या चपला

काल रविवारी आमच्या इतिहास मंडळातल्या सोळा जणांच्या चपला एका दगडापुढे ओळीने काढलेल्या होत्या. ते दृश्य काही डोळ्यांपुढून हलत नाही.

गेल्या सहलीत याच दगडावर बायका धुणं धूत होत्या. त्यावर अक्षरं आहेत, हे आमचे अध्यक्ष नाना यांनी हेरलं. अक्षरं उठून दिसावीत म्हणून आम्ही दगडावर पाणी ओतलं, पीठ चोळलं आणि गुडघे टेकून नाकं लावली. पहिल्या ओळीत नुसतंच 'स्वस्ति श्री' निघालं. तोवर पोटात कावळे ओरडू लागले, म्हणून उरलेल्या दोन ओळी पुढच्या खेपेवर टाकून आम्ही मिसळ खायला गेलो.

काल पाहतो तर दगडावर शेंदराचा जाड थर, पुढे नारळ आणि वर पत्र्याचं छप्पर! अक्षरं पार गडप.

"अहो मावशी, हे काय केलंत?" धुणं धुणाऱ्या त्या बायकांपैकी एकीला नाना कळवळून म्हणाले.

"आमी कुठं? तुमीच पीठ वाहिलंत, डोकं टेकलंत. एवढी शिकलेली माणसं पाया पडतात म्हटल्यावर त्याच्यावर धुणं कसं आपटायचं? चपला काढा आधी."

असे किती देव कुणाकुणाच्या अभ्यासातून उगवले असतील, कोण जाणे. दर व्याख्यानात 'पुरावा दाखवा' म्हणून गरजणाऱ्या नानांनी मुकाट्याने चपला काढल्या. मग आम्ही सगळ्यांनीच हात जोडले.

कोणाला, ते त्या उरलेल्या दोन ओळींत होतं.