मानेवरचा काळा पट्टा

मुलीच्या मानेवर काळी रेघ दिसली तेव्हा मला वाटलं, दोऱ्याचा रंग उतरला. नजर लागू नये म्हणून दर्ग्यावरून आणलेला काळा दोरा तिच्या गळ्यात होता. मी तो कापून टाकला. रेघ राहिलीच. पुढच्या महिन्यात ती बोटभर रुंद झाली, मग काखेतही दिसायला लागली. हात लावला की मखमलीसारखी मऊ लागायची. मळ असा मऊ नसतो. त्याचीच मला भीती वाटायची.

एका रविवारी तिला मोरीत बसवून डाळीच्या पिठाने चोळलं, मग टाच घासायच्या वजरीने. ती म्हणाली, "आई, बस ना. रक्त निघून राह्यलं." रक्ताखालीही काळंच होतं.

माझ्या सासूबाई शुगरने गेल्या. आधी पायाची बोटं, मग पाय, मग डोळे. मुलगी सोळाचीच, पण अंगाने त्यांच्यासारखी भरत चाललेली. म्हणून तिला परतूरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

मला डॉक्टरांपुढे बोलता येत नाही. मुलीनेच विचारलं, हे काळं कशाचं. बाईंनी मान बघितली, पोटाचा घेर मोजला, रक्त तपासलं. म्हणाल्या, हा मळ नाही, आतून आलंय. चरबी नुसती साठून पडलेली नसते, तिचं काम सतत चालू असतं. तिच्या पेशी गच्च भरल्या की जास्तीची चरबी रक्तात सुटते, लिव्हरात आणि मांसात जाऊन बसते. मग अंग इन्सुलिनचं ऐकत नाही. शरीर आणखी इन्सुलिन तयार करतं, आणि त्या जास्तीच्या इन्सुलिननेच मान काळी पडते. अजून शुगर झालेली नाही. वजन उतरलं तर मागे फिरता येईल.

"मावशी, तिला घासू नका," एवढंच त्या मला म्हणाल्या.

येताना जीपमध्ये ती माझ्या खांद्यावर झोपली. तिचं पोट माझ्या हाताला लागत होतं, गरम, वरखाली होणारं. ती झोपली होती, ते जागं होतं. मी हात काढून घेतला. स्वतःच्या पोरीपासून हात काढला म्हणून मग मलाच कसंतरी झालं.

आता ती सकाळी चालायला जाते. जेवून तासाभरात म्हणते, भूक लागली. आधी मी लगेच वाढायची. आता थांबते, तिच्या तोंडाकडे बघते.

काल तिच्या पोटाकडे बघून विचारलं, "तुला लागली, का त्याला?"

तिने पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "मला काय माहीत, आई. आवाज तर एकच हाय."

मी पाणी दिलं. ती प्याली, आणि आम्ही दोघी तो आवाज पुन्हा यायची वाट बघत बसलो.