इलियास मुकादमांचं चर्च

कतारमधल्या दोह्यात वेस्ट बेच्या उंच इमारतींमधून जाताना इलियास मुकादम कधी मान वर करून बघत नसत. त्यांनी त्या इमारती आधीच पाहिलेल्या असत, हातभर उंचीच्या, आपल्या टेबलावर. माणूस श्रीवर्धनकडचा, सुतारकीचा हात बापाकडून आलेला, आणि धंदा इमारतींची मॉडेलं करण्याचा. इंडस्ट्रियल एरियाला सगळे सनाया म्हणतात, तिथल्या एका वर्कशॉपात लाकूड आणि ॲक्रिलिक कापता कापता त्यांची दाढी पांढरी झाली. या धंद्याचं दुखणं एकच. फ्लॅट विकले गेले की मॉडेलाची रवानगी थेट कचऱ्यात. खरी इमारत उभी राहिल्यावर खोटीला कोण विचारतो?

त्यामुळे त्यांच्या बायकोनं, सितारानं, नवऱ्याच्या हातचं काम उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती गावीच राहिली. सासूचं आजारपण, दोन मुलींची शिक्षणं, मग लग्नं, सगळं तिनं एकटीनं निभावलं. शेजारणींनी विचारलं, तुझा नवरा तिकडे करतो तरी काय, की ती म्हणायची, "भातुकली खेळतंय, आणि त्येचाच पगार घेतंय." सुट्टीवर आलेले इलियास सगळ्यांबरोबर हसत. पण ते हसू त्यांना टोचायचं, आणि हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

आता नोकरी संपत आली होती. शुक्रवारच्या विमानानं ते कायमचे घरी निघणार होते. जाण्याआधी त्यांनी हट्टानं सिताराला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. ती आपली सूकमधून, तिथल्या जुन्या बाजारातून, मुलींसाठी अत्तरं आणि खजूर घेण्यात दंग. खरं कारण इलियासनी पोटातच ठेवलं होतं. शेवटचं काम असं हाती आलं होतं, की ते कचऱ्यात जाणार नव्हतं.

दोह्याच्या एका संग्रहालयात इमारती बांधायच्या कलेचं एक नवं दालन गुरुवारी उघडत होतं. त्यात युरोपातल्या नदीकाठच्या एका शहरातलं मध्ययुगीन चर्च कायमचं मांडायचं होतं. काम मालविका नावाच्या आर्किटेक्टकडे होतं. मूळची पुण्याची, बोलणं फटाफट, आणि वर्कशॉपात आली की पहिला चहा मागणारी. फोटो आणि नकाशे टेबलावर पसरून ती त्या चर्चची हकीकत सांगायची. आधी नदीकाठी नुसती प्रार्थनेची एक छोटी खोली होती. ती जळाली. मग गावानं मोठं चर्च बांधायला घेतलं. एका खिडकीचा खर्च रंगाऱ्यांनी उचलला, घंटा पाववाल्यांनी दिली, एक खांब कोळ्यांनी.

"म्हणजे आमच्या गावच्या मशिदीसारखंच की!" इलियास म्हणाले. "हौज कुवेतवाल्यांचा, पंखे बहारीनवाल्यांचे, पुढची फरशी आफ्रिकेहून आलेल्या एका चाचाची. फरशी फुटली की सगळे आधी चाचाचंच नाव घेतात."

मालविका इतकी हसली की चहा सांडता सांडता राहिला.

चर्चला दोन मनोरे ठरले होते. एक झाला. दुसरा अर्ध्यात आला आणि प्लेगची साथ आली, मग लढाई, मग पैसाच उरला नाही. बांधणारे गेले, त्यांची पोरं गेली, अर्ध्या मनोऱ्यावर दगड चढवायची लाकडी यारी तशीच लोंबकळत राहिली. मनोरा पुरा व्हायला दोनशे वर्षं गेली. मालविकाच्या सांगण्यावरून मॉडेलातही तो अर्धाच ठेवला होता. इलियासनी त्याच्यावर बोटाएवढी यारी बसवली, दोरीसकट. आजूबाजूला शहराची घरं, रेझिनची नदी, आणि वर कमानीवरून फिरणारा दिवा. हा दिवा म्हणजे सूर्य. त्यानं एका टोकाला उगवायचं, दुसऱ्या टोकाला मावळायचं, आणि मुख्य दाराच्या वरच्या गोल रंगीत खिडकीतून आत उजेड पाडायचा. आतली जमीन दिसावी म्हणून एका बाजूची भिंत काढून ठेवली होती.

बुधवारी सकाळी दालनात चाचणी झाली. मालविकानं बटण दाबलं. दिवा गोल खिडकीकडून उगवला, छतावरून गेला आणि दारासमोरच्या टोकाला, वेदीमागं मावळला.

मालविकानं दिव्याकडे बोट दाखवलं. "इलियासभाई, सूर्य उलटा उगवलाय."

"असं कसं? ज्या भिंतीकडं तोंड करून प्रार्थना करायची, ती भिंत पश्चिमेलाच ना?"

बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांना मिळालेल्या नकाशाच्या प्रतीवर उत्तरेचा बाण आलाच नव्हता, आणि विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. गावात किबला, म्हणजे नमाजाची दिशा, पश्चिमेला, दोह्यात आले तर इथंही मक्का पश्चिमेकडंच. जन्मभर माणसं ज्या बाजूला झुकताना पाहिली, तीच बाजू त्यांनी चर्चला देऊन टाकली. त्या चर्चची वेदी मात्र पूर्वेला होती.

"बाण मी द्यायला हवा होता," मालविका कपाळाला हात लावून म्हणाली. "आणि दोनदा येऊन बघून गेले, तेव्हा माझे डोळे कुठं होते?"

दालनवाल्यांनी शांतपणे सांगितलं, संध्याकाळपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर उद्या मॉडेलावर कापड टाकू, शेजारी स्क्रीन लावू, नंतर सावकाश दुरुस्त करा. त्यांच्या दृष्टीनं काहीच बिघडत नव्हतं.  इलियासना मात्र 'नंतर' नव्हतंच. परवा विमान. सितारा येणार, कापड बघणार, आणि भातुकलीवाल्या नवऱ्याबरोबर घरी जाणार. एवढ्या वर्षांचा हात तिला दाखवायचा राहून जाणार, या विचारानं त्यांना अगदी रडू यायचं बाकी होतं.

चर्च फिरवणं अशक्य होतं. घरं चिकटवलेली, नदी घट्ट बसलेली. मग सूर्यच फिरवायचा ठरला. कमान उतरवली, दिव्याची पट्टी उलटी बसवली, वायरींची टोकं बदलली, पहाटेचा गुलाबी आणि संध्याकाळचा केशरी कागद यांची अदलाबदल केली. मालविकानं आपल्या मीटिंगा रद्द केल्या आणि जमिनीवर फतकल मारून स्क्रू मुठीत धरून बसली. एक स्क्रू नदीत पडला, तो काढताना दोघांनी एकमेकांना मनसोक्त दम भरला. संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआधी दिवा वेदीमागून उगवला, सरकत सरकत दारावर आला आणि गोल खिडकीतून आत शिरला. जमिनीवर लाल-निळे ठिपके पडले.

"खलास! झालं!" मालविका ओरडली. इलियास कोपऱ्यात जाऊन घटाघट पाणी प्याले.

गुरुवारी सितारा नवीन अबाया घालून आली. मॉडेलाभोवती तिनं एक चक्कर मारली, मग दुसरी. वाकून आत बघितलं. नेमके तेव्हाच जमिनीवर रंग उतरले. 

"ह्या सगला तुमी केलाव? हातान?"

"व्हय."

"आणि मी भातुकली म्हणत व्हते." तिनं पदर नसतानाही सवयीनं डोळ्यांकडे हात नेला. मग तिचं लक्ष यारीकडे गेलं. "ह्यो मनोरा असा अर्धाच का?"

इलियासनी सांगितलं. साथ, लढाई, रिकामी तिजोरी, आणि दोनशे वर्षं.

"आणि लोकं वाट बघत ऱ्हायली?"

"ऱ्हायली. काय करतील?"

सितारा हसली. त्यांच्या बाहीवर लागलेला लाकडाचा भुसा तिनं चिमटीनं काढला.

"मगे आपला बरा. आपला वाट बघना जितेपणी पुरा झाला."

 दिवा दारापलीकडे मावळला. विमान उद्या होतं, घाई कसलीच नव्हती. तो परत उगवेपर्यंत दोघं तिथंच उभी राहिली.