पितृपक्षात गाईची राखण

“एका पुरीनं गाईले काय होते?” फाटकाशी ताट घेऊन आलेल्या एक काकू नवऱ्याला म्हणाल्या. सकाळपासून प्रत्येकजण हेच म्हणत होता.

रायपूरजवळच्या खेड्यातल्या जनावरांच्या निवाऱ्यात मी रविवारी मदतीला जाते. पितृपक्षात लोक तिथल्या गाईंना खीर-पुरी आणतात. त्या दिवशी पुऱ्या खाऊन एका म्हाताऱ्या गाईचं पोट फुगलं. डॉक्टरांनी नळी घालून गॅस काढला. आणखी पुऱ्या गेल्या तर ती मरेल, असं सांगून त्यांनी मला फाटकावर उभं केलं. मी अनोळखी माणसांशी बोलत नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

काकूंनी कडी काढली. मी वाट अडवली.

“काहून अडवून राहिली, पोट्टी? सासऱ्यांचं पान आहे.”

“काकू, गाय आजारी आहे,” मी म्हणाले. “पुरी मी खाते.”