संबंध म्हणजे काय

धरमतरच्या खाडीकाठी मिठागरात जिचा जन्म गेला, त्या हौसाबाईला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. नवरा दाजी तर विचारायच्या आधी हात उचलणारा. म्हणून दहा-बारा वर्षांमागे पेणहून मैना नावाची पोरगी कागद घेऊन आली आणि "मावशी, तुमचंच मत हवंय" म्हणाली, तेव्हा बासष्ट वर्षांची हौसाबाई पदर सावरून ऐटीत बसली.

उतारवयातली माणसं स्वतःच्या कामजीवनाकडे कसं बघतात, याची पाहणी होती ती. मैना नवखी, लाजरी. तिने पुस्तकी शब्द पुढे केला. "मावशी, अजून संबंध आहेत का?"

"हायत ना! अष्टमीच्या काळुरामांशी."

लेक पुतळी रोह्याजवळ अष्टमीत दिलेली, काळुराम तिचा सासरा. हौसाबाईला संबंध म्हणजे सोयरीक, दुसरं काय?

मैना चपापली. "कधी कधी?"

"सणासुदीला. कदी ते येतात, कदी मी एसटीनं जाते."

ओटीवर दाजी ऐकत होता. आदल्या दिवशी पुरुषांचे कागद भरणाऱ्या बाप्याने त्याला हा शब्द फोड करून सांगितला होता. तो आत आला तो मीठ ओढायचं फावडं घेऊनच. पहिला दांडा खांद्यावर, दुसरा आडव्या धरलेल्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज मैनेनेही ऐकला. तिसरा तोंडावर बसला नि दोन दात रक्तासकट जमिनीवर पडले. मैना मध्ये पडली, तिलाही त्याने भिंतीवर फेकलं. मेल्याला स्वतःचा व्याहीसुद्धा आठवला नाही. शेजारणींनी ओढून धरला तेव्हा कुठे थांबला.

पंधरा दिवसांनी मैना रडतच परत आली. शब्दाचा घोळ तिने दाजीला समजावला. तो मोठ्याने हसला. "आसं व्हय! मंग माजी बायकू साफ हाय. लिव्ह, म्हातारीला कसली आलीय हौस!"

हौसाबाईला हाडापेक्षा हे हसणं लागलं. तिचं उत्तर तिच्याच तोंडचं लिहिलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

"गो मैना, नीट इचार. इच्छा व्हते का, आसंच ना?"

"हो. एक म्हणजे अगदी कमी, पाच म्हणजे भरपूर."

"पाच लिव्ह."

दाजी धावून आला. या खेपेस तिने न मोडलेल्या हाताने त्याचा गळा धरला आणि त्याला भिंतीला रेटलं. मिठाच्या पाट्या उचलून घट्टे पडलेला हात तो. दाजीचे डोळे पांढरे झाले, तो पाय झाडायला लागला. "सोडा मावशी, मरेल तो!" मैना ओरडली. हौसाबाईने सोडलं, तसा तो खाली बसून खोकत राहिला.

"आता याचा बी नवा कागुद काढ," ती म्हणाली. "इस वर्सं याला कायपण व्हत नाय. तवापासनंच हात चालतो मेल्याचा. शून्य लिव्ह."

"मावशी, कागदावर शून्य नाही. एकपासून आहे."

"मंग एक लिव्ह," हौसाबाई म्हणाली.