कुंकवातला रुपया

आखातात, करामा भागात मी मुलाकडे राहत होते, तेव्हा इमारतीखाली घड्याळं दुरुस्त करणारा एक माणूस बसायचा. रत्नागिरीकडचा. डोळ्याचं भिंग कपाळावर सरकवूनच जेवायचा. टांकसाळीतच चुकलेलं असेल तर किंमत येईल, म्हणून लोक त्याला खोट असलेली जुनी नाणीही दाखवायचे. बहुतेकांना तो सांगायचा, "ही जन्माची खोट नाही, नंतरची जखम आहे. खलास."

मी आईचा चांदीचा रुपया नेला. देव्हाऱ्यात तो कायम कुंकवात बुडालेला असायचा. आई गेल्यावर धुतला, तर कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नव्हता. वहिनीनेच सोनाराकडून कापून घेतला, असं मी बाराव्याला चार माणसांत बोलले होते.

"जन्माची खोट आहे, मावशी," तो म्हणाला. "कापला असता तर तुकड्याच्या बरोबर समोरची कड शाबूत राहिली असती. ही बसकी आहे. टांकसाळीत चकतीच अपुरी आली, म्हणून तिथं दाब बसला नाही."

"तुला काय कळतंय?"

तो चिडला नाही. भिंग माझ्या हातात दिलं आणि रस्त्याकडे बघत बसला.

कड बसकीच होती. वहिनी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्यानं तो विषय पुन्हा कधी काढला नाही. माझं घड्याळ बंद पडलं, तेव्हा मी ते दुसऱ्या दुकानात दिलं.